टिटवीभोवतीची जागा

माळावर माणसं नुकतीच कॅमेरे घेऊन येऊ लागली होती, त्या काळची ही गोष्ट. एका टिटवीने उघड्या, खडकाळ जमिनीवर चार अंडी घातली होती. एका दुपारी हेमांगी नावाची बाई तिचा फोटो काढायला अगदी जवळ आली. टिटवी घाबरून उडाली आणि अंडी उन्हात उघडी पडली.

"बाई, मागे सरा हो! पिल्लं आतल्या आत भाजतील," डोक्यावर घिरट्या घालत टिटवी ओरडू लागली.

"अजून चार पावलं पुढे चल," कॅमेरा म्हणाला. "पक्ष्याने चौकट भरली पाहिजे."

हेमांगीला पायापुढे उघडी पडलेली अंडी दिसली आणि ती दचकलीच. "नको रे. तिच्याभोवती जागा सोडू या," म्हणत ती लांब जाऊन पालथी पडली.

टिटवी धावत येऊन अंड्यांवर बसली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. फोटोत ती कोपऱ्यात इवलीशी दिसत होती आणि तिच्या नजरेसमोर अख्खा माळ पसरला होता. कॅमेरा बराच वेळ तो फोटो बघत राहिला.

पिल्लं बाहेर पडल्यावर हेमांगी पुन्हा आली. टिटवी उडाली नाही.

"तुम्ही मागे सरलात, म्हणून ही चालताहेत," ती म्हणाली आणि चारही पिल्लांना हेमांगीच्या सावलीत घेऊन आली.