पिवळा बलक

“कळलं? कशावरून?” जमालबाबांनी विचारलं.

“कशावरून म्हंजे? हात लावून बघा की! अजून ऊन हाय!”

सर्जेरावानं मूठ उघडली. मुठीत अंडं होतं. पळून पळून त्याला धाप लागली होती.

जमालबाबा म्हणजे गावाबाहेरच्या तक्यातल्या झोपडीत राहणारे म्हातारे फकीर. सहजासहजी कुणाला शिष्य करून घेत नसत. सर्जेराव मात्र हात धुऊन मागे लागला होता. शेवटी बाबांनी त्याला एक काम सांगितलं होतं. “तुझ्या पोटात जातं ते कुठनं येतं, तेवढं बघ. कळलं की ये. मग तू माझा.”

आज तो ते कळल्याचं सांगायला आला होता. पन्नाशी उलटलेला, गावात दबदबा असलेला हा गृहस्थ भर सकाळी अंडं घेऊन पळतोय म्हटल्यावर पारावरची माणसं उठून उभी राहिली होती.

“बाबा, दुकानातली अंडी खात हुतो तवा काय कळायचं? आता कोंबडी पाळली. राणी नाव ठेवलं. सकाळी उठलो की खुराड्यात हात घालायचा. हाताला ऊन लागतं! तसंच तव्यावर फोडायचं, वर मीठ, चटणी, आन् भाकरीसंगं... काय सांगू! पयल्या घासाला डोळ्यांत पाणीच आलं. जन्मभर जेवत आलो, पर जेवलो ते आत्ता!”

हे मात्र खरं होतं. सांगतानाही त्याचा आवाज कापत होता. ऐकता ऐकता बाबांच्या तोंडालाही पाणी सुटलं.

“माझी ज्वारी, माझी कोंबडी, माझं अंडं. मधी कोन न्हाई. दुसऱ्याच्या दारचा कण न्हाई!”

शेवटचं वाक्य तो जरा जोरातच म्हणाला.

त्याला कारण होतं. थोरला भाऊ हिंदुराव शेजारीच राहायचा. वाटणीच्या वेळी बांधावरून दोघांचं वाजलं, आणि हिंदुरावाच्या घरचा कणही घशाखाली उतरू देणार नाही अशी शपथ सर्जेरावानं घेतली. पुतणीच्या लग्नाचं ताट घरी आलं, तेही त्यानं झाकण न काढता परत पाठवलं. त्या दिवशी तो स्वतःही उपाशीच राहिला, पण हे त्यानं कुणाला कळू दिलं नाही.

बाबांनी अंडं घेतलं आणि वाटीच्या काठावर टच्चकन फोडलं.

“वा!”

दोघंही वाटीवर वाकले. बलक हळदीसारखा पिवळाधमक होता.

“एवढा पिवळा कशानं झाला रे?”

“माझ्या ज्वारीनं!”

“ज्वारी तर पांढरी...”

सर्जेरावानं वाटी उचलून बलक पुन्हा निरखला.

“तुझी राणी दिवसभर जाते कुठं?”

“परसातच आसती की... आसंल...”

“चल!” बाबा ताडकन उठले. चपला घालायच्याही विसरले.

थोड्याच वेळात सर्जेरावाच्या परसात, कडब्याच्या गंजीआड, दोघं दबून बसले होते. राणीनं ज्वारीचे चार दाणे टिपले. मान वाकडी करून इकडेतिकडे बघितलं आणि तुरुतुरु निघाली.

“निघाली, निघाली!” बाबा सर्जेरावाचा दंड दाबत कुजबुजले.

ती थेट कुंपणापाशी गेली. बाभळीच्या काट्यांचं हे कुंपण सर्जेरावानं शपथेनंतर स्वतःच्या हातांनी घातलं होतं. खाली वीतभर फट राहिली होती. राणीनं मान खाली घातली, अंग चोरलं, वाकली आणि पलीकडे गेली.

पलीकडे हिंदुरावाचा गोठा होता. गोठ्यालगत म्हशींसाठी केलेला लसूणघास हिरवागार डुलत होता. राणी त्याच्यावर तुटून पडली. “हिरवं खाल्लं की बलक पिवळा!” बाबा पुटपुटले. मग उकिरडा उकरला. एक जाडजूड अळी काढली आणि गट्ट केली.

सर्जेरावाचा चेहरा उतरला.

इतक्यात घराचं मागचं दार उघडलं. शेवंतावहिनी दुधात कुस्करलेली शिळी भाकरी घेऊन बाहेर आली.

“ये गं ठमे, ये, ये!”

सर्जेरावानं कितीही हाका मारल्या तरी मान न वळवणारी राणी, पंख पसरून धावत सुटली.

“ठमी?” सर्जेराव गंजीआडून उठून ओरडला. “आवो, राणी हाय ती!”

वहिनी दचकली. कुंपणापलीकडे धाकटा दीर उभा होता. किती वर्षांनी तो तिच्याशी बोलला होता.

“तुमची व्हय?” ती हळूच म्हणाली. “मला वाटलं, कुनाची तरी उपाशी फिरतीया. रोज येती.”

“रोज?”

“रोज.”

सर्जेरावाचा हात आपोआप पोटावर गेला.

“बाबा... आन् माझी शपथ?”

“कोंबडीला सांगितली होतीस का?”

सर्जेराव आधी लालबुंद झाला. मग एकदम हसायला लागला. हसता हसता डोळे वाहू लागले, तरी हसू थांबेना.

“रोज ह्यांचंच खाल्लं, बाबा! रोज! आन् वर बोटं चाटली!”

“कोन हसतंय गं?” गोठ्यातून हिंदुरावाचा आवाज आला. वहिनीनं पदरानं डोळे टिपले.

“भावजी... च्या टाकू?”

“टाका, वयनी.” एवढे दोन शब्द बोलताना सर्जेरावाला आयुष्यात झाले नसतील तेवढे कष्ट झाले. पण बोलून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं, की आत्ताच्या आत्ता तिकडं पोचावं असं झालं.

तो कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. परत आला.

“बाबा, जाऊ कुठनं? पुढच्या दारानं जायला तोंड न्हाई. हितनं वाट हुती, ती मीच बंद केली.”

बाबा म्हणाले, “कोंबडी वाकली तिथनं.”