सिद्राम आचाऱ्याचं जेवण

"मग याला जगणं म्हणायचं का, अप्पा?"

मठाचे स्वामी ईरय्या अप्पा आतल्या खोलीत घोंगडीच्या आसनावर बसले होते. बाहेर ओसरीवर दर्शनाला माणसं खोळंबली होती.

विचारणारा सिद्राम आचारी. चाळीस वर्षं त्यानं लग्नाकार्याचे स्वयंपाक केले. आठ महिन्यांपूर्वी कॅन्सरपायी त्याचं सगळं जठर काढून टाकलं. आता बायको दर दोन तासांनी वाटी पुढं करायची. चार घास गेले की घाम फुटायचा, छाती धडधडायची, आडवं व्हावं लागायचं.

"सगळे म्हणतात, नशीबवान, वाचलास."

"थकलायस," अप्पा म्हणाले.

सिद्रामनं मान खाली घातली. आठ महिन्यांत हे कुणी म्हणालं नव्हतं.

थोड्या वेळानं तो ताठ बसला.

"पाच हजार पानं उठवलीत मी एका दिवसात. भात कधी कमी पडला नाही."

"त्यातलं तू किती खायचास?"

"मी? काही नाही. आचाऱ्याचं पोट वासानंच भरतं."

"मग तेव्हाही उपाशीच होतास की."



"तेव्हा भूक लागायची, अप्पा," सिद्राम हळूच म्हणाला. "न खाणं माझ्या हातात होतं. आता भूकच लागत नाही. घड्याळ बघून गिळतो."

अप्पांनी डोळे मिटले. मग उघडले.

"खरं आहे. मी चुकीचं बोललो."

त्यांनी आतून आंबील मागवली. एक वाटी त्याला, एक स्वतःला. सिद्रामनं एक घोट घेतला, थांबला. अप्पांनीही एक घोट घेतला, थांबले. तो दुसरा घोट घेईपर्यंत त्यांनी वाटी तोंडाला लावली नाही.

अर्धी वाटी संपायला अर्धा तास गेला.

मग सिद्रामच्या कपाळावर घाम आला. तो भिंतीला टेकून उठू लागला.

"कुठं निघालास?"

"मागं परसात आडवा होतो जरा... इथं लोक बघतील."

अप्पा आपल्या आसनावरून उठले. घोंगडी झटकली आणि त्याच्यापुढं अंथरली. सिद्रामला नको म्हणायचंही त्राण नव्हतं. तो कुशीवर आडवा झाला.

दारातून एकानं आत डोकावलं. "अप्पा, आम्ही यायचं का?"

अप्पा खाली फरशीवर बसले होते.

"थांबा जरा," ते म्हणाले. "आत माणूस जेवून पडलाय."