कातीवरची गाठ

त्या टेकडीवर आजाऱ्याला हात लावण्याची रीत नव्हती. आधी त्याच्या आतले चित्र निघायचे आणि मग त्या चित्राकडे बघून उपचार व्हायचे. चित्र सापाच्या कातीवर काढत, कारण कात पातळ असते आणि उन्हापुढे धरली की तिच्यातून आरपार दिसते. ज्याचे चित्र नाही त्याला दुखणेही नाही, असे तिथे सगळे मानत. कुणी कण्हत वर आला तर वाटेवरची साळिंदरे विचारत, "कात आहे का?" नसली तर म्हणत, "मग कण्हतोस कशाच्या आधारावर?"

या रीतीने कुणाचे भले झालेच नव्हते असे नाही. एका सशाच्या पायातले मोडलेले हाड चित्रात सापडले होते आणि तो पुढे म्हातारा होईपर्यंत उड्या मारत फिरला. टेकडीवर कुणी तक्रार केली की त्या सशाचे नाव घेत. मग तक्रार करणाऱ्याला गप्प बसावे लागे.

टेकडीच्या पायथ्याशी मुंगसाची दोन भावंडे राहत. थोरली सोनकी आणि धाकटा ठिणग्या. आईला घारीने उचलले तेव्हा ठिणग्याचे डोळेही नीट उघडले नव्हते. सोनकीने त्याला आपल्या पोटाच्या उबेला धरून वाढवले. बीळ कसे उकरावे, नागाला कशी हुलकावणी द्यावी, हे तिनेच शिकवले. त्यातले अर्धे तो शिकला. थांबायला मात्र तिला त्याला कधीच शिकवता आले नाही.

एका हिवाळ्यात सोनकीचे अन्न तुटले. बरगडीखाली काहीतरी टणक वाढत होते. ठिणग्याने पंजा ठेवून पाहिला. आवळ्याएवढी गाठ होती.

"अक्का, ही काढून टाकायला पाहिजे."

"तू नको काढूस. वारूळ उकरल्यासारखं उकरशील मला."

काढणारा त्या मुलखात एकच होता, टेकडीवरच्या झऱ्याकाठी राहणारा खेकडा. त्याची नांगी इतकी नाजूक चाले की फुलातला एकच केसर तो बाकीच्यांना धक्का न लावता खुडत असे. ठिणग्या अक्काला घेऊन त्याच्यापुढे उभा राहिला.

"कात?" खेकड्याने विचारले.

"कात नाही. गाठ इथं आहे, माझ्या पंजाखाली. हात लावून बघा."

खेकड्याने देठांवरचे डोळे दुसरीकडे वळवले. "पंजाला दिसत असतं तर तुला डोक्यात दोन डोळे कशाला दिले असते? जा, चित्र काढून आण."

पहिले चित्र वटवाघळाने काढले. ते उलटे लटकून सोनकीच्या पोटात आपला आवाज सोडी आणि आतून जो प्रतिध्वनी परत येई तो नखाने कातीवर ओढी. "बाई, श्वास रोखा. हलू नका." कातीवर करड्या ढगांसारखे काहीतरी उमटले.

सोनकीने मान तिरकी करून पाहिले. "आभाळ आलंय की रे पोटात. पाऊस पडला तर बीळ बुडायचं."

"काय आहे ते?" ठिणग्याने वटवाघळाला विचारले.

"काहीतरी आहे."

"काहीतरी म्हणजे काय?"

"माझं काम ऐकायचं. सांगायचं काम माझं नाही."

खेकड्याने ती कात नांगीने बाजूला सारली. ढगाला चिमटा लावता येत नाही, म्हणाला, कडा दिसल्या पाहिजेत. म्हणून दोघे कोळ्याकडे गेले. कोळी आजाऱ्याभोवती गोल गोल फिरून उजेडाचे पापुद्रे काढी आणि एकेका पापुद्र्यात शरीराची एकेक चकती पकडी. त्याआधी आतले सगळे उजळावे म्हणून एक कडू रस प्यावा लागे. सोनकीने तो प्यायला आणि ओकला.

"हलली," कोळी म्हणाला. "पुन्हा रांगेत या."

रांग झऱ्यापासून पायथ्यापर्यंत होती. तिच्यात कुणी खोकत होते, कुणाची शेपटी सडली होती, आणि सगळे एकमेकांना मागे ढकलत होते. ठिणग्या ढकलण्यात तरबेज होता. तरीही कोळ्याची कात हाती येऊन खेकड्यापाशी पोचेपर्यंत पळसाची पाने गळून गेली होती आणि आवळ्याचे लिंबू झाले होते.

खेकड्याने कात उन्हापुढे धरली. "कडा सुरेख आल्यात. पण ही जुनी झाली. हिच्यात पोट सपाट आहे. तुझी अक्का बघ केवढी फुगलीय. चित्र आणि बाई जुळत नाहीत."

"मग बाईकडे बघा."

"बाई हलते. चित्र हलत नाही. हलत्या वस्तूवर मी नांगी चालवत नाही."

ठिणग्याने पुढे विचार केला नाही. त्याने झेप घेतली आणि खेकड्याचा पाय दातात धरून त्याला अक्काच्या दिशेने ओढू लागला. पाय तुटून तोंडात आला आणि खेकडा बिळात शिरला. साळिंदरांनी काटे फुलवून दोघांना टोचत टोचत रांगेच्या शेपटाला नेऊन ठेवले.

ठिणग्या मान खाली घालून बसला होता. सोनकीने त्या पायाकडे पाहिले.

"नुसता पायच आणलास होय? आख्खा आणला असतास तर तेवढीच मेजवानी झाली असती."

"खाशील?"

"नाही रे. आता काहीच जात नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "ठिणग्या, मला त्याची नांगी हवी आहे. तो चांगला आहे की वाईट, त्याचं आपल्याला काय करायचं? पुन्हा दात लावू नकोस."

त्याने मान डोलावली. त्या दिवसापासून तो टेकडीवरच्या सगळ्यांना वाकून बोलू लागला. साळिंदरांना काका म्हणू लागला. पुन्हा रांग चुकली तर अक्का उरणार नाही, हे त्याला कळत होते.

खेकड्याला आता नवे, तिसरे चित्र हवे होते आणि ते चुंबकाच्या गुहेत काढायचे होते. गुहा इतकी अरुंद की आत एकच जीव आडवा मावे. बाहेर सुतार पक्षी खडकावर चोच आपटे, त्या ठोक्यांनी आतला दगड जागा होई आणि शरीरातल्या पाण्याचा थेंब न् थेंब ओढून त्याचे चित्र उठवी. ठोके चालू असताना केसभर हलले तरी चित्र फाटे.

सोनकीला आता श्वासासरशी सगळे अंग हलवावे लागे. एकदा चित्र फाटले, दुसऱ्यांदाही फाटले.

"हलतेच आहे," सुतार म्हणाला. "काढा बाहेर. मागचे खोळंबलेत."

"काका, एकदा. एकदाच," ठिणग्या म्हणाला. त्याने गुहेच्या तोंडाशी नाक लावले. तो घाबरला होता, आणि घाबरला की तो ओरडे. "अक्का, काय चाललंय तुझं? जरा मेल्यासारखी पडून राहा ना!"

आतून बारीक आवाज आला. "राहते. तू ओरडू नकोस."

चोच खडकावर आपटू लागली. ठिणग्या प्रत्येक ठोक्याला मनातल्या मनात म्हणत राहिला, हलू नको, हलू नको. ठोके थांबले. कात बाहेर आली.

असे चित्र टेकडीवर कधी निघाले नव्हते. एकेक बरगडी कोरल्यासारखी होती, आणि खाली लिंबाचे कवठ झालेली गाठ, काळी, गोल, कडांसकट. कोळी धाग्यावरून खाली उतरला. वटवाघूळ भर उन्हात बाहेर आले. खेकडा स्वतः चालत गुहेपाशी आला, आणि असे आजवर कुणासाठी घडले नव्हते.

"वा," खेकडा म्हणाला. "जराही हलली नाही."

साळिंदरांनी सोनकीला ओढून बाहेरच्या सपाट खडकावर ठेवले. ठिणग्याने तिच्या छातीवर पंजा ठेवला. तो बराच वेळ तसाच ठेवला.

"ही श्वास घेत नाहीये," तो म्हणाला.

"म्हणून तर," सुतार म्हणाला.

खेकड्याने शेजारच्या दगडावर कात पसरली. चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले, नांगी झऱ्यात धुतली. सगळ्यांनी श्वास रोखले. त्याने काळ्या गोलाच्या कडेने चीर दिली, शेजारच्या एकाही रेघेला न दुखावता तो गोल उचलला आणि पानावर ठेवला.

"निघाली," तो म्हणाला.

कोळ्याने पाहिले आणि निघाली म्हणाला. वटवाघळाने तसेच सांगितले. साळिंदरांनी ती बातमी खाली रांगेत पोचवली आणि रांगेतले आजारी एकमेकांकडे आशेने बघू लागले. कुणीतरी सशाच्या जोडीला मुंगशीचेही नाव घेतले.

आत काही राहिले तर नाही ना, हे बघायला खेकड्याने कात उचलून उन्हापुढे धरली. तिची सावली खडकावर, सोनकीच्या अंगावर पसरली. कातीत जिथे काळे होते तिथे आता भोक होते. त्यातून ऊन खाली आले आणि सोनकीच्या फुगलेल्या पोटावर, बरगडीखालच्या गाठीच्या उंचवट्यावर, गोल कवडसा होऊन पडले.