दोन फूट रूळ

“मग कमी काय आहे त्यात, ते तरी सांगा.”

सायबूचाचा शेंगा फोडत होते. दाणे तोंडात टाकले, टरफलं वाटीत ठेवली आणि माझ्या रुळाकडे परत एकदा पाहिलं.

मग पुढची शेंग उचलली.

म्हाताऱ्या माणसांना वाटतं, गप्प बसलं की शहाणपण दिसतं. निम्म्या वेळी त्यांना ऐकूच आलेलं नसतं.

“चाचा, मी विचारलं काहीतरी.”

“ऐकलं.”

…

सायबू मुलाणी. दौंडच्या पुढच्या सेक्शनला चौतीस वर्षं कीमन. म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकायचा, सहा किलोमीटर रूळ पायी तपासायचा, रुळाला धरून ठेवणारी चावी सैल झालेली दिसली की ठोकायची. रिटायर झाल्यावर इतर म्हातारे पारावर बसून आमच्या पिढीला नावं ठेवतात. या माणसानं दोन जुनी दारं आडवी जोडून घेतली आणि त्यांच्यावर आपलाच सेक्शन उभा केला. बोटभर उंचीचा सिग्नल, पाण्याची टाकी, बाभळी, रुळाखाली आगपेटीच्या काड्यांचे आडवे स्लीपर. त्यावरून धावणारं, तळहातात मावेल असं इंजिन आणि चार डबे.

फक्त दोन फूट रूळ राहिला. हात कापायला लागले, काम थांबलं. तेव्हापासून ती गाडी स्टेशनातून निघते, वळणावरून ऐटीत येते, त्या मोकळ्या जागेपाशी थांबते आणि उलटी परत जाते.

“ती जागा तुझी,” मला म्हणाले होते. “जमलं तर बसव.”

दोनदा करून आणला. दोनदा त्यांनी नकारार्थी मान हलवली. ही तिसरी खेप. या वेळी नाही म्हणाले तर परत इकडे फिरकायचं नाही, असं घरून ठरवूनच आलो होतो. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, त्यानंतरची नोकरी चार महिन्यांत सोडली. वडील तीस वर्षं एकाच खुर्चीत बसून मला सांगतात, टिकून राहायला शीक. सोडून दिलेल्या गोष्टींच्या यादीत हा रूळ गेला, की त्यांचंच खरं होणार होतं.

…

“नीट बघा,” मी म्हणालो. “कडांना तीन थर गंज. खरा गंज, लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये भिजवून काढलाय. वरचं डोकं घासून लख्ख ठेवलंय, कारण तिथं चाक फिरतं. सिग्नलपाशी इंजिन उभं राहतं, तिथं तेलाचे डाग. ब्रेक लागतात तिथली खडी तपकिरी. ऐंशी स्लीपर, चाचा. एकेक चहाच्या पाण्यात, मग शाईत, मग ब्लेडनं चिरा. एकासारखा दुसरा नाही.”

“मेहनत हाय,” चाचा म्हणाले.

“मग?”

“ह्या सेक्शनचा कीमन कधी वारला?”

“कोण कीमन? हे मॉडेल आहे.”

“त्येच इचारतोय. कधी वारला?”

मला खरंच समजेना, हा माणूस चेष्टा करतोय की वयामुळे त्याचं डोकं भरकटलंय.

“तुम्ही सगळे एका माळेचे मणी,” मी म्हणालो. “घरी बाप नाही म्हणतो. कॉलेजात सर नाही म्हणायचे, आणि स्वतः वीस वर्षांपूर्वीची पिवळी वही वाचून दाखवायचे. आता तुम्ही. नाही म्हणायला काय अक्कल लागते?”

“झालं?”

“नाही झालं.”

“मग बोल की लका. चहा येईस्तोवर येळ हाय.”

आणि पुढची शेंग फोडली.

…

माझा तोल गेला. चिमटा उचलला.

“कुठला खटकतोय? हा? का हा?”

मधोमध माझा सगळ्यात लाडका स्लीपर होता. त्याला मी गाठ कोरली होती, गाठीपासून निघालेली चीर कोरली होती. चिमट्यानं त्याच्या दोन्ही बाजूंची खडी उकरली, टोक पकडलं आणि रुळाखालून आडवा खेचून काढला. त्यांच्या शेंगांच्या वाटीत टाकला.

“घ्या. आता एकोणऐंशी राहिले. त्यांना नाही म्हणा.”

चाचा उठले. गुडघा कडकन वाजला. चेहरा असा, जणू कुणी मांडीवर नातवंड आणून ठेवलंय.

“कुणी शिकवलं हे?”

“काय?”

“आधी खडी उकरली, मग बाजूनं ओढला. बरोबर असंच काढत होतो आमी. कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. राग आला म्हणून काढला.”

“आमाला बी यायचा,” चाचा म्हणाले. “मे महिन्यात लई यायचा.”

आतून चाचीचं हसणं ऐकू आलं. मी हसलो नाही. हसू आलं होतं, पण अजून माझं भांडण संपलं नव्हतं.

…

चाचांनी खिशातून आगपेटी काढली. एका काडीचं गूल मोडून टाकलं, ती मापानं तोडली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

“घाल.”

तेवढ्यात चाची चहा ठेवून गेली. मी काडी सवयीनं कपात बुडवायला नेली, तर त्यांनी कपच उचलला.

“ह्यो प्यायचा हाय.”

“मग रंग?”

“न्हाई.”

“कोरीच घालू?”

“कोरीच.”

“पांढरीफटक दिसेल, चाचा. सगळ्या कामाचा सत्यानाश होईल.”

“होऊ दे.”

ते कपावर फुंकर मारत राहिले…

मी काडी रुळाखाली सरकवली. खडी परत भरली. उकरलेली खडी खालून कोरीच होती. मी रंग वरून दिला होता, आत कोण बघणार म्हणून. आता तिथं फिक्या राखाडी रंगाचा ठिपका पडला.

“हे तरी रंगवू?”

“गप. लांब हो आणि बघ.”

मी भिंतीपर्यंत मागे सरकलो.

…

कसं सांगू. त्या एका कोऱ्या काडीच्या दोन्ही बाजूंचे एकोणऐंशी स्लीपर एकदम म्हातारे झाले. इतके दिवस मी त्यांना जुना रंग देत होतो. आता ते जुने होते. आणि त्या फिक्या ठिपक्यापाशी काल सकाळी स्लीपर बदलायला गँगची चार माणसं येऊन गेली होती. घामाघूम झाली होती, एकमेकांना शिव्या देत होती, काम उरकून बाभळीखाली डबे खाऊन गेली होती. त्यांतलं कुणीच मी बनवलं नव्हतं.

आता मात्र हसू दाबता येईना.

“चाचा, कीमन जिवंत आहे.”

“हाय की. न्याहारी करून आलाय.”

“आधीच का नाही सांगितलंत? दोन महिने घातलेत मी.”

“सांगितलं असतं तर तो सलीपर तू काढला असतास?”

नसता काढला. माझा लाडका होता.

“काढला नसता,” मी म्हणालो. “तुम्हालाच रूळ फेकून मारला असता.”

“मग बरं झालं की. डोस्कं बी वाचलं, रूळ बी वाचला.”

…

दोघांनी मिळून रूळ बसवला. त्यांचा हात कापत होता म्हणून जोडपट्ट्या मी सरकवल्या. माझी नजर हुकत होती तिथं ते बोट ठेवत होते. एक जोड तीनदा काढायला लावला. तिसऱ्यांदा मी शिवी दिली, तेव्हा म्हणाले, “हां, आता गँगमन झालास.”

मग दारामागच्या खिळ्यावरून त्यांनी हिरवा झेंडा काढला. त्यात हिरवं थोडं उरलं होतं, बाकी सगळं करडं. दहा बाय दहाच्या खोलीत, लुंगी आणि बनियनवर, म्हातारा छाती काढून उभा राहिला आणि झेंडा धरला.

मी बटण फिरवलं.

गाडी स्टेशनातून निघाली. टाकी गेली, बाभळी गेल्या. वळणावरून आली आणि नेहमीच्या जागी… थांबली नाही. माझ्या गंजावरून, तेलाच्या डागांवरून, त्या कोऱ्या काडीवरून खडखडत गेली आणि दुसऱ्या बाजूनं परत स्टेशनात आली.

चाचांनी शिट्टी मारली. सत्तरी उलटलेल्या माणसानं मारू नये इतकी जोरात.

चौथ्या फेरीला चाची दारात आली. “तीच गाडी किती येळा बघणार हाय?”

“येळेवर हाय,” चाचा म्हणाले. “बघू दे.”

सातव्या फेरीला मी वाकून रुळाजवळ डोळा नेला. कोरी काडी अजून तशीच चमकत होती.

“चाचा, ही कधी जुनी दिसायला लागेल?”

त्यांनी झेंडा नीट गुंडाळला, खिळ्याला अडकवला आणि आगपेटी माझ्याकडे सरकवली.

“दुसरी कोरी घालशील, त्या दिवशी.”