शेवटचे पाऊल

एका तळ्याकाठच्या रानात करकोच्यांचा एक थवा राहत असे. त्यांचा नाच रिंगणाचा. दोन जाणत्यांच्या मध्ये एक लहानगा उभा राही आणि शेजारच्या पायांकडे बघत बघत शिके. नाच संपवायचे शेवटचे पाऊल मात्र एकट्या म्हाताऱ्या करकोचीला ठाऊक होते. तिने ते टाकल्याशिवाय कोणी थांबायचे नाही, असा त्यांचा नेमच होता. तरुण ते पाऊल मागत, तेव्हा ती म्हणे, "घाई कसली मेल्यांनो? आधी चार पावसाळे बघा."

एके दिवशी सिंहाच्या दरबारातला कोल्हा आला. रिंगण बघून त्याने नाक मुरडले. "महाराजांपुढेही अशीच पाठ करून नाचाल? रानटी कुठले! मला चार देखणे तरुण द्या. ओळीत उभं राहायचं, तोंड महाराजांकडे. ही पिसं झडलेली म्हातारी नको." म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने जन्मात एक गिरकी घेतली नाही, तो निघाला नाच शिकवायला! पण दरबाराच्या नावाने चौघे तरुण हुरळले आणि कोल्ह्यामागे चालू लागले. रागाच्या भरात तीही ओरडली, "जा! परत तोंड दाखवू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी टिटवी बोंबलत आली, "अगं आजी, तुझी पोरं कालपासून नाचताहेत! थांबतच नाहीत!" म्हातारी उडाली ती थेट दरबारात उतरली. चौघांच्या चोची वासल्या होत्या, एकाचे पाय रक्तबंबाळ झाले होते. शेवटचे पाऊल कोणालाच येत नव्हते आणि ते पडल्याशिवाय थांबायची कोणाची छाती होत नव्हती. सिंह पेंगत होता. कोल्हा मात्र खुशीत नाचत होता, "वा! दमतच नाहीत!"

"दमत नाहीत? मरताहेत ते, मेल्या!" असे म्हणून म्हातारीने त्याच्या नाकावर चोच हाणली. कोल्हा केकाटत पळाला. सिंह जागा होऊन गरजला, "आमच्याकडे पाठ?" तिने ढुंकूनही पाहिले नाही. चौघांना भोवती घेऊन तिने शेवटचे पाऊल टाकले. चौघे जमिनीवर कोसळले. थोड्या वेळाने तिघे उठले.

म्हातारीला कोल्ह्याची चीड आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची आली. "तो तर लबाडच. पण मी हे पाऊल चोचीत दाबून बसले, मला काय म्हणायचं?" त्याच संध्याकाळी तिने सारा थवा रिंगणात उभा केला. एक चिमुकले पिल्लू म्हणाले, "आजी, आधी पहिलं पाऊल शिकव ना." म्हातारी खेकसली, "नाही! आधी शेवटचं. सगळ्यांनी. आत्ताच्या आत्ता."

तात्पर्य : मुलांनो, रिंगण मोडून चार जणांना मिरवायला नेणारा कलेचा वैरी असतोच, पण आपली विद्या पोरांपासून दडवून ठेवणारा जाणताही त्याच्याइतकाच दोषी असतो.