पंप बरा हाय

"पंप बरा हाय. टाकी बरी हाय. नळी तर नवी घातलीया. मग ही मरती कशानं, उस्ताद?"

बाळगोंडानं हातातलं फडकं जीपच्या बॉनेटवर आपटलं.

दस्तगीर उस्ताद बाभळीखाली बाजेवर बसून चहा बशीत ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"समदं बरं हाय म्हणतोस," ते म्हणाले. "मग गाडी चालत असंल."

"चालत न्हाई, म्हणून तर..."

"मग एक कायतरी बरं न्हाई."

एवढं बोलून त्यांनी बशी तोंडाला लावली.

मिरजेच्या रस्त्याला उस्तादांची पत्र्याची शेड होती आणि बाळगोंडा तिथं नऊ वर्षं काम शिकत होता. त्याच्या हाताला गुण होता, यात वादच नाही. फक्त अलीकडे त्या गुणाची सगळ्यात जास्त खबर त्याची त्यालाच असायची. गिऱ्हाईक बोलायला तोंड उघडायच्या आत हा दुखणं सांगून मोकळा.

सोमवारी तो नारळ घेऊन आला होता. त्या शेडची रीतच तशी. शिकून झालं की शिष्यानं नारळ पुढं करायचा. उस्तादांनी तो घेतला की शिष्य मिस्त्री झाला. नाही घेतला, तर त्यानं पुढं दहा गॅरेजं काढली तरी त्या रस्त्यावर त्याला कुणी मिस्त्री म्हणत नसे.

उस्तादांनी नारळाला हात लावला नाही. दारात उभ्या असलेल्या जुन्या पेट्रोल जीपकडे बोट केलं.

"जनावरांच्या डॉक्टरांची हाय. एकट्यानं बघ. मग बोलू."

आज गुरुवार होता. नारळ अजून हत्यारांच्या पेटीवर तसाच होता.

जीपचं दुखणं ऐकायला साधं होतं. कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओतलं की सुरू व्हायची, आणि हमरस्त्याला लागायच्या आत आचके देत बंद पडायची. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला पाजणारा पंप इंजिनाच्या कुशीला बसवलेला होता. बाळगोंडाचा पहिला संशय त्याच्यावरच गेला. मग त्यानं सगळे मिस्त्री करतात तेच केलं. बाटलीत पेट्रोल भरलं, ती उघड्या बॉनेटच्या हुकाला टांगली आणि तिच्यातली पारदर्शक नळी पंपाला जोडली. इंजिन झकास चाललं. पंप निर्दोष सुटला, आणि संशय टाकीवर गेला. टाकी उतरवून धुतली. नळी बदलली. जीप मात्र मेली ती मेलीच.

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

"दाखव."

"काय दाखवू?"

"पंप बरा हाय ते."

बाळगोंडाला मनातून बरंच वाटलं. त्यानं बाटली टांगली, तोंडानं ओढून नळीत पेट्रोल आणलं, थुंकला आणि नळी पंपाला जोडली. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि कुठं अडखळलं नाही की खाकरलं नाही.

"ऐका आता!" तो म्हणाला. त्याची छाती फुगली होती.

उस्ताद उठले. सावकाश गाडीपाशी आले. हुकाची बाटली त्यांनी दोन्ही हातांनी काढली, वाकले आणि चाकापाशी जमिनीवर ठेवली. नळीचं टोक बाटलीच्या तळाशी आहे ना, एवढं पाहिलं. मग हात मागं बांधून उभे राहिले.

इंजिन चालूच होतं.

"बघा की. चालतंयच."

उस्तादांची नजर नळीवर होती.

इंजिन एकदा खाकरलं.

बाळगोंडानं नळीकडे पाहिलं. नळीतलं पेट्रोल मागं सरकत होतं. इंचाइंचानं, मुकाट्यानं ते खाली उतरलं आणि बाटलीत जाऊन बसलं. इंजिनानं दोन आचके दिले आणि ते गप्प झालं.

"टाकी कुठं असती?" उस्तादांनी विचारलं.

"खाली... सीटखाली."

"आन् तुझी बाटली?"

बाळगोंडानं वर, रिकाम्या हुकाकडे पाहिलं.

नऊ वर्षांत असली बाटली त्यानं शंभरदा टांगली असेल. वरून पेट्रोल आपल्या वजनानं उतरत होतं आणि तो त्याला पंपाची ताकद म्हणत होता. उस्तादांनी साधा पानासुद्धा उचलला नव्हता. बाटली फक्त वरून खाली ठेवली होती. इतकं उघड्यावर पडलेलं होतं ते, आणि तरी आपल्याला दिसलं नाही, याचं त्याला भय वाटलं आणि नवलही वाटलं.

त्यानं पंप काढला. आतली डाळीएवढी झडप एका बाजूनं झिजली होती. वरून आलेलं पेट्रोल ती जाऊ देत होती, पण खालून ओढलेलं धरून ठेवणं तिला जमत नव्हतं. त्यानं नवी झडप बसवली, नळी जोडली. बाटली जमिनीवरच राहू दिली.

चावी फिरवली.

नळीतून पेट्रोल वर चढायला लागलं. एक हिसका... थांबलं... पुन्हा हिसका. जमिनीपासून पंपापर्यंत ते ठेक्यात वर आलं आणि इंजिन सुरू झालं. या खेपेला बाळगोंडानं ऐका म्हटलं नाही. तो मातीत गुडघे टेकून त्या नळीकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

मग त्यानं उठून उस्तादांचे पाय धरले.

उस्तादांनी पेटीवरचा नारळ उचलून काखेत धरला.

"शेड कुठं टाकणार?"

"ही काय, रस्त्यापलीकडं." बाळगोंडा म्हणाला. "जागा बघून ठेवलीया. म्हंजी... काय अडलं, तर तुम्हांस्नी हाक मारता येईल."

उस्तादांनी एकदा रस्त्यापलीकडं पाहिलं.

"टाक," ते म्हणाले. "पर एवढ्या लांब टाक, की तुझी हाक मला ऐकू येऊ नये."