बाहुलीच्या पायाखालची खळी

एकदा एक शिष्या आपल्या गुरूशी कडाडून भांडली, आणि भांडणाचं कारण होतं बाहुलीच्या पायाखालचं भोक.

गुरू म्हणजे कुणी जटाधारी आश्रमवासी नव्हता. कोकणातल्या एका गावात लाकडी बाहुल्या करणारा तो एक म्हातारा होता. दृष्टांतातले गुरू मंद स्मित करतात. हा खोकत असे. शंका विचारली की दृष्टांतातले गुरू डोळे मिटून अंतर्मुख होतात, हा म्हणे, "आधी भुसा झाड." पण हातात पांगाऱ्याचं हलकं लाकूड आलं की माणूस बदलायचा. भाजीवाली, पोस्टमन, ढाल-तलवार घेतलेला मावळा, सगळे त्याच्या पटाशीखालून असे उतरत की बघत राहावं. त्याने केलेला हवालदार फळीवर ठेवला तर दुकानात आलेली मुलं खोड्या थांबवत, असं गावात सांगायचे.

शिष्या कॉलेज अर्धवट सोडून आलेली. लोक म्हणत, पोरीला डोकं नाही. खरं तर डोकं होतं, तिथेच घोटाळा झाला. वर्गात तिने काही विचारलं की समोरचा माणूस उत्तर द्यायचं सोडून स्वतःचं वय सांगे. "आम्ही तुमच्या वयाचे होतो तेव्हा..." हे ऐकून ऐकून तिचे कान किटले आणि एके दिवशी ती उठून चालती झाली. घरी वडिलांनी बोलणं टाकलं. आत्याने स्थळं बघायला घेतली. म्हाताऱ्याच्या कारखान्यात मात्र तिला कुणी काही विचारलं नाही. त्याने तिच्या हातात पॉलिश पेपर दिला आणि म्हणाला, "घास." ती घासू लागली. घासता घासता तिच्या लक्षात आलं की इथे आपला जीव रमतो. अशी जागा तिला याआधी कुठे सापडली नव्हती, आणि गेली तर दुसरी सापडेल याची खात्रीही नव्हती.

म्हाताऱ्याचा एक नियम होता. बाहुलीचा तळसुद्धा चेहऱ्याइतकाच गुळगुळीत हवा.

"खाली कोण बघतंय, तात्या?" तिने एकदा विचारलं.

"बाहुली बघते," तात्या म्हणाले. "घास."

पावसाळा सरल्यावर नेहमीचा व्यापारी आला. घाटावरचा गडी, बोलायला लाघवी, घामाने ओलाचिंब. त्याने नेहमीसारखी बाहुल्यांची खोकी मागितली नाही. पिशवीतून प्लास्टिकचे रंगीत ठोकळे काढले आणि जमिनीवर पसरले. प्रत्येक ठोकळ्याच्या डोक्यावर छोटी गोल बटणं होती.

"तात्या, आता मुलं ह्यात खेळतात," तो म्हणाला. "घर बांधतात, किल्ला बांधतात. बांधून झाल्यावर घरात माणूस नको का? तुमची बाहुली ह्या बटणांवर ठेवली की लटपटते आणि पडते. पोरगं उचलून ठेवतं, पुन्हा पडते. मग ते कंटाळतं आणि तुमच्या भाजीवालीला पलंगाखाली सारतं. आईबाप माझ्या नावाने बोटं मोडतात."

"मग जमिनीवर ठेवायला सांग. जमीन सपाट असते."

"तात्या, जमिनीवर आता कोण खेळतं? हे बघा, दिवाळीआधी मी पुन्हा येतो. बाहुली ठोकळ्यावर बसली तर पुढचा माल घेतो. नाहीतर नमस्कार. माझंही दुकान आहे." मग शिष्येकडे वळून म्हणाला, "आणि ताई, इथे कंटाळा आला तर शहरात या. आमच्या ओळखीचा खेळण्यांचा मोठा कारखाना आहे. तुमच्यासारखी डोकेबाज माणसं हवीच असतात त्यांना."

जाताना तो ठोकळे आणि पाठीवर लाल शेला उडवणारा एक प्लास्टिकचा वीर नमुन्यादाखल ठेवून गेला.

तात्या त्या वीराकडे बघून खोकले. "ह्याने चड्डी विजारीवरून घातली आहे," एवढाच अभिप्राय देऊन ते कामाला लागले.

शिष्या मात्र कामाला लागली नाही. कारखाना बंद पडला तर तात्या उपाशी मरणार नव्हते, त्यांचा मुलगा पैसे पाठवत होता. पण ती कुठे जाणार होती? आत्याने शोधलेल्या स्थळाकडे, नाहीतर शहरात प्लास्टिक ओतायला. म्हणून तिने प्रश्न स्वतःच्या अंगावर घेतला.

आधी तिने भाजीवाली डिंकाने ठोकळ्यावर चिकटवली. भाजीवाली पक्की उभी राहिली, पण कायमची. तिला घरातून अंगणात नेता येईना, अंगणातून बाजारात नेता येईना. जिला हलवता येत नाही तिच्याशी खेळायचं काय? तो तर पुतळा झाला. मग तिने बाहुलीच्या तळाला लाकडाची छोटी खुंटी बसवून पाहिली. खुंटी ठोकळ्याच्या बटणावर आदळली आणि बाहुली आडवी. दोघेही पुढे आलेले. मागे सरायला कुणी तयार नाही. शेवटी वैतागून तिने तो लाल शेल्याचा वीर उचलला, उलटा केला, आणि तिला हसूच फुटलं. वीराच्या तळपायांत भोकं होती. ठोकळ्याची बटणं बरोब्बर त्यांत जाऊन बसत होती. हवं तेव्हा बसवा, हवं तेव्हा काढा.

तिने तडकलेली एक रद्दी बाहुली घेतली, गिरमिटाने तळाला हलकीच खळी पाडली आणि ठोकळ्यावर दाबली. टक्. बसली. उचलली. उठली. ती धावतच तात्यांकडे गेली.

तात्यांनी बाहुली हातातसुद्धा घेतली नाही. "बाहुलीला भोक?"

"खालून आहे, तात्या. दिसतसुद्धा नाही. ह्या वीराला बघा, त्याच्याही पायात आहे."

"पायात भोक असलेला वीर लढाईत किती टिकेल?"

"चेष्टा नको. बसते की नाही ते बघा."

"अगो, बाहुली तळापासून शेंडीपर्यंत भरीव असते. माझ्या गुरूने मला तसं शिकवलं. भरीव वस्तू कुणासाठी पोखरायची नसते."

"तुमचा गुरू चुकला असेल!"

आता ह्या वाक्यावर जगातले समस्त वडीलधारे जे करतात तेच तात्यांनी केलं. पटाशी खाली ठेवली, चष्मा काढला आणि विचारलं, "तुझं वय काय?"

कॉलेजच्या बाकावर जे ऐकून ती उठली होती तेच शेवटी इथेही ऐकायला मिळालं. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "शेठ आले की मी त्यांच्याबरोबर जाते," ती म्हणाली.

"जा," तात्या म्हणाले.

मग दोघांत अबोला. ती कोपऱ्यात घासत असे, ते दारापाशी कोरत असत, आणि मधल्या जागेत नुसता भुसा साठत असे. "भुसा झाड" म्हणायला कुणी बोलत नव्हतं.

व्यापारी यायचा त्या सकाळी ती आपला पंचा आणि कुंचले पिशवीत भरत होती. एवढ्यात तिला गिरमिटाचा आवाज आला. कुर्र, कुर्र, मध्येच थांबून पुन्हा कुर्र. तिने वळून पाहिलं आणि पिशवी तिच्या हातातून गळाली.

तात्यांनी कोनाड्यातली सुपात धान्य पाखडणारी बाई खाली उतरवली होती. ही बाहुली त्यांनी तरुणपणी आपल्या गुरूसमोर बसून केली होती. तिच्या सुपातला एकेक दाणा वेगळा होता. शहरांतून माणसं ती मागायला येत आणि हात हलवत परत जात. तात्या रोज अंघोळ झाल्यावर तिच्यावरची धूळ पुसत. देवपूजा मात्र कधीमधी राहून जाई. त्याच बाईला उलटी करून, गुडघ्यांत धरून, तात्या तिच्या गुळगुळीत तळाला भोक पाडत होते.

"तात्या! ती नको!" शिष्या ओरडली. "अहो, रद्दीच्या टोपलीत ढीगभर आहेत ना! तिला कशाला?"

"ओरडू नको. ये, धर इकडून. हात कापतो माझा."

"मी नाही धरणार. वेड लागलंय तुम्हाला."

"लागलंय. धर."

तिने धरलं. दुसरं करणार काय? गिरमिट फिरलं, पांढरा भुसा तिच्या मनगटांवर पडला. तात्यांनी फुंकर मारली, बाई सुलटी केली आणि ठोकळ्यावर दाबली. टक्. बसली खरी, पण किंचित कलली. कुणीतरी हाक मारली म्हणून पाखडता पाखडता वळावी, तशी.

"वाकडी बसली," तात्या म्हणाले. "तू पाडलं असतंस तर सरळ पडलं असतं."

तिला राग आला. कृतज्ञ व्हायची वेळ तिच्यावर फारशी आलीच नव्हती, त्यामुळे ते रागापेक्षा वेगळं कसं ओळखायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

"का केलंत हे?" तिने विचारलं. "मी सांगत होते तेव्हा ऐकलं नाहीत. आणि आता एकदम हिच्यावरच?"

तात्यांना आधी यथेच्छ खोकला आला. मग ते बोलू लागले.

"तू त्या वीराचा पाय दाखवलास ना, तेव्हाच मला कळलं होतं तुझं बरोबर आहे. मग एवढे दिवस मी काय केलं? अबोला धरला. तेवढंच येतं आम्हाला. आता नीट ऐक. ठोकळ्याच्या डोक्यावर बटण आहे. ते कुणी आपल्यासाठी काढून टाकणार नाही. बाहुली खालून भरीव राहिली तर फार तर त्याच्यावर टेकेल, जुळणार नाही. जुळायचं तर दोघांपैकी एकाला आतून थोडं रितं व्हावं लागतं. आम्ही म्हातारे काय म्हणतो, लहानाने रितं व्हावं. अगो, पण रितं व्हायला आधी आत काहीतरी भरलेलं असावं लागतं. तुझ्यात अजून लाकूडच किती आहे पोखरायला? माझ्यात जन्मभराचं आहे. म्हणून पहिलं गिरमिट माझ्यावर. रद्दीतली बाहुली पोखरून तुझं ऐकलं असतं तर ती शेठबरोबरची तडजोड झाली असती. जिचा मला माज होता तिला भोक पाडलं. आता मला उद्या मागे फिरता येणार नाही."

पोरं आपल्याशी जुळत नाहीत म्हणून जे वडीलधारे चारचौघांत सुस्कारे टाकतात, त्यांनी घरी जाऊन एकदा चाचपून पाहावं, जुळायला आपण जागा कुठे ठेवली आहे. बहुतेकांना सापडणार नाही. ह्या म्हाताऱ्यालाही सापडली नव्हती. त्याने ती पाडली, एवढाच त्याचा मोठेपणा. आणि तो लहान नाही.

दुपारी व्यापारी आला. ठोकळ्यांच्या भिंतीपाशी उभी असलेली सूपवाली बघून त्याने तिला उचललं, बसवलं, पुन्हा उचललं, आणि लहान मुलासारखं "टक्, टक्" करत राहिला. "वा तात्या! हे कुणाचं डोकं?"

"हिचं," तात्या म्हणाले. "मी तर नाही म्हणत होतो."

"ही बाई केवढ्याला?"

"ही विकायची नाही. खेळायला हवी तर इथे येऊन खेळ. भाजीवाल्या, मावळे, हवालदार सगळे देतो. भोकं ही पाडेल. माझी वाकडी पडतात."

व्यापारी हसला. मग शिष्येची भरलेली पिशवी त्याला दिसली. "काय ताई, निघायचं ना? गाडी उभी आहे."

तात्या दुसरीकडे बघू लागले. त्यांनी "राहा" म्हटलं नाही, आणि ह्या वेळी "जा" असंही म्हटलं नाही.

"नाही शेठ," ती म्हणाली. "मला अजून पुष्कळ येत नाही."

हे वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकून ती जराशी चमकली. कॉलेजात हेच कबूल करायला लावण्यासाठी किती जणांनी जंग जंग पछाडलं होतं, आणि ती दात घट्ट आवळून बसली होती. आज कुणी मागितलंही नव्हतं.

व्यापारी माल बांधून गेला. ऊन कलायला लागलं. शिष्येने पिशवीतून कुंचला काढला आणि तो हातात धरून ती तात्यांसमोर उभी राहिली.

"तात्या, भुवई एका फटकाऱ्यात कशी उमटते ते पुन्हा दाखवाल? मागे दाखवलीत तेव्हा मी नुसती बघत होते. तुमचं कुठे चुकतं तेवढंच शोधत होते."

तात्या आपल्या पाटावर थोडे बाजूला सरकले, आणि ती त्यांच्या शेजारी बसली.